चाळीस दिवसांची साठवण

रायपूरला बर्फ पडत नाही, पण दूर उत्तरेत पडलेला बर्फ रायपूरला कळतो. भूमध्य समुद्राकडून निघालेला एखादा पश्चिमी चक्रावात काश्मीर-हिमाचलावर आपली ओल रिती करून पुढे सरकला, की दोन-तीन दिवसांत इथला वारा फिरतो. खारून नदीवर पहाटे धुकं धरतं. महादेव घाटावर स्नानाला आलेली माणसं पाण्यात पाय घालण्याआधी जरा थबकतात. सरगुज्याकडून बातमी येते, मैनपाटावर गवताच्या पात्यांवर दव गोठलं. धान कापून झालेलं असतं, पैऱ्याच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, गंज्या खळ्यांवर उभ्या असतात आणि त्यांच्यावरून वाहत आलेला तो कोरडा वारा आपल्याला शाल अंगावर ओढायला लावतो. त्या शालीपुरताच बर्फाशी आपला संबंध.

पण वाऱ्याच्या शेपटाला हात लागला, की त्याचं तोंड पाहावंसं वाटतं. म्हणून जानेवारी सरत आला असताना मी गुलमर्गला गेले.

काश्मिरात हिवाळ्याला वयं आहेत. 21 डिसेंबरपासून चाळीस दिवस थोरला, चिल्लई कलां. मग वीस दिवसांचा धाकटा, चिल्लई खुर्द. शेवटी दहा दिवसांचं पोर, चिल्लई बच्चा. जुनी माणसं या तिघांच्या बर्फात फरक करतात. थोरल्याचा बर्फ कोरडा असतो, थरावर थर देत घट्ट बसतो आणि उन्हाळ्यापर्यंत टिकतो. नंतरचा बर्फ दिसायला तेवढाच पांढरा, पण ओलसर. पडतो आणि निघून जातो. ओढ्यांना मे-जूनमध्ये जे पाणी येतं ते त्या चाळीस दिवसांत साठलेलं. आकाशातून एकदम आलेलं देणं डोंगर अंगावर धरून ठेवतो आणि खालच्या शेतांना गरज लागेल तेव्हा सावकाश सोडतो. हे कळल्यावर मला गुलमर्गची ती पांढरी कुरणं निसर्गदृश्य वाटेनाशी झाली. कोठारासमोर उभं राहिल्यावर जसा आवाज आपोआप खाली येतो, तसं झालं.

गुलमर्ग 2,650 मीटरवर आहे. तिथून निघणारी गोंडोला, दोरावरून जाणारी गाडी, माणसांना अफरवट शिखराच्या खांद्यावर, जवळपास चार हजार मीटरवर, नेऊन सोडते. गर्दी तिकडे. आमची वाट उलटी, खाली उतरणारी, बुदुल वृक्षांच्या जंगलातून बाबा रेशींच्या दर्ग्याकडे. आमचे वाटाडे साठीपुढचे. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणू लागले. ते मला ‘मॅडम’ म्हणत आणि त्या शब्दातही एक घरगुती अदब असे.

चाचांनी पोत्यातून बर्फपावलं काढून समोर मांडली. ॲल्युमिनियमची लांबट चौकट, तिच्यात ताणून बसवलेला चिवट पडदा, खाली पोलादी दात आणि मधोमध बूट आवळायचे पट्टे. टाच मोकळी राहते. पाऊल उचललं की चौकटीचं शेपूट बर्फावरून घासत मागून येतं. पाय थोडे फाकवून चालायचं, एवढाच धडा. साध्या बुटांनी पाऊल टाकलं असतं तर मांडीपर्यंत खचायला झालं असतं. आता तेच शरीर वीतभरही बुडत नव्हतं. वजन कमी झालेलं नसतं, ते फक्त वाटलं गेलेलं असतं. ही युक्ती माणसाआधी जनावरांच्या पायांना सुचली. उत्तर अमेरिकेत एक ससा आहे, त्याचे मागचे पाय इतके रुंद आणि केसाळ की त्याचं नावच या जोड्यांवरून पडलं. आणि इथल्याच उतारांवरचा कस्तुरीमृग मऊ बर्फात खूर फाकवतो, मागची लांब उपखुरंही टेकवतो आणि एका पायाची चार टोकं करून तरंगत जातो.

काश्मिरी माणसाला मात्र हे उत्तर भातात सापडलं. चाचांच्या लहानपणी गावात पुलहोर असत, भाताच्या पेंढ्याचे पीळ वळून विणलेले जोडे. पेंढा पायाखालचा बर्फ घट्ट धरतो, पाय घसरत नाही, आणि पेंढ्याच्या पोकळ नळ्यांतली हवा तळव्याला ऊब देते. जोड फार दिवस टिकत नसे. पण पेंढा घरचा आणि हिवाळ्याची संध्याकाळ लांब. ‘एक फाटेस्तोवर आजोबांचा दुसरा वळून तयार,’ चाचा म्हणाले. पैऱ्याच्या मुलखातून आलेली मी ऐकतच राहिले. आमच्याकडे पैरा गाईपुढे पडतो, छपरावर चढतो. तो बर्फावरून चालतही गेला असेल हे कधी मनात आलं नव्हतं. बर्फ वितळून भात पिकतो आणि भाताच्या काडीवर पाऊल ठेवून माणूस बर्फ ओलांडतो. या दोघांचं देणंघेणं किती जुनं असेल!

जंगलात शिरलो आणि आवाज गेले. हळूहळू नव्हे, उंबरठा ओलांडावा तसे. ताज्या बर्फात दहात नऊ भागांहून जास्त हवाच असते. असंख्य पोकळ्या, एकमेकींत उघडणाऱ्या. आवाज त्यांत शिरतो आणि परतायचं विसरतो. त्यामुळे जे थोडे आवाज उरतात, ते फार जवळचे वाटतात. आपल्या बर्फपावलांची करकर. फांदीवरून सुटलेल्या बर्फाचा भुस्स आवाज आणि त्यानंतर बराच वेळ उन्हात तरंगत राहिलेला चमचमता चुरा. कुठेतरी वर चिमण्यांएवढ्या रामगंगा पक्ष्यांचा थवा बारीक शीळ घालत एका शेंड्यावरून दुसऱ्या शेंड्याकडे झिरपत होता. या हिममौनात बोलायची इच्छाच होत नाही, आणि कुणी तसं बजावलेलंही नसतं.

बुदुल म्हणजे पश्चिम हिमालयातला उंच फर. त्याचा आकार हिवाळ्यानं घडवला आहे. फांद्या आखूड, उतरत्या. बर्फाचं ओझं मावेल तेवढं पेलायचं, मग खांदा पाडून खाली सोडून द्यायचं. ताठ राहिलेली फांदी मोडते. बुंध्याजवळ मात्र चाचा जाऊ देत नसत. खालच्या फांद्यांच्या छत्रीखाली बर्फ पडत नाही, तिथे बुंध्याभोवती एक लपलेली विहीर तयार होते; वरून सपाट दिसतं आणि माणूस कमरेच्याही वर आत जातो. मोकळ्या तीव्र उताराशी आलो की ते काठीनं लांबचा वळसा दाखवत. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावरच हिमकडे बहुधा सुटतात. 8 फेब्रुवारी 2010 रोजी गुलमर्गजवळ असाच कडा कोसळून लष्कराचे 17 जवान गेले. चाचा त्याविषयी दोन वाक्यं बोलले आणि झाडीतून चालत राहिले.

फांद्यांवरून फिकट हिरव्या दाढ्या लोंबत होत्या. ही दगडफुलाची भावंडं. आपण मसाल्यात घालतो त्या दगडफुलासारखीच यांच्यातही एक बुरशी आणि एक शैवाल एकत्र नांदतात. बुरशी घर बांधते, शैवाल उन्हातून अन्न करतं, आणि दोघं मिळून जे होतं ते दोघांपैकी एकट्या कुणाचंच नसतं. सगळं गवत बर्फाखाली गेलं की कस्तुरीमृग याच दाढ्यांवर हिवाळा काढतो. वाऱ्यानं मोडून पडलेली एक फांदी म्हणजे त्याच्यासाठी वाढलेलं पान.

एका सपाटीवर चाचांनी फावडं काढलं आणि बर्फात कंबरभर खड्डा खणला. उभी भिंत हातानं साफ केली. मग हातमोजा काढून, उघड्या बोटांनी, वरून खाली चाचपत गेले. पहिली वीतभर भुसभुशीत: परवाचा. त्याखाली बोटभर कडक पापुद्रा: मधे एक ऊन पडलं होतं. मग एक करडी रेघ, वाऱ्यानं आणलेली धूळ. मग जाड, दाट, आवळून बसलेला चिल्लई कलांचा थर. आणि तळाशी, जमिनीला लागून, साखरेसारखे सुटे खडबडीत कण. जमीन वरच्या हवेपेक्षा उबदार असते. तिची वाफ रात्रंदिवस बर्फातून वर झिरपते आणि वाटेत कणांना पैलू पाडत जाते. म्हणजे साठलेला बर्फही नुसता पडून नसतो. आत त्याची घडण चालूच असते. चाचांनी एक डबा भरून बर्फ घेतला आणि सांगितलं, ताजा बर्फ दहा इंच पडला तर पाणी एक इंच धरायचं. जुन्या, दबलेल्या बर्फात पाणी जास्त. त्यांचा सगळा हिशेब असा पाण्यात चालतो.

खड्ड्याच्या तळाला, शेवटच्या कणांखाली, ओलं गवत होतं. तपकिरी, पण गोठलेलं नव्हे. वर हवा शून्याच्या कितीतरी खाली आणि इथे जमीन जेमतेम शून्यावर. बर्फाच्या आत कोंडलेली हवा थंडीला आत येऊ देत नाही. त्या जमिनीच्या आणि बर्फाच्या मधल्या अंधाऱ्या फटीत एक अख्खं जग जागं असतं. आखूड शेपटीचे, उंदरासारखे व्होल गवताच्या मुळांमधून बोगदे काढत हिंडतात, चिचुंदऱ्यांचे जातभाई कीटक शोधतात. त्यांना आकाश दिसत नाही. दिवस म्हणजे छतातून गाळून आलेला निळसर उजेड. आणि वर, पृष्ठभागावर, कोल्ह्याच्या पावलांची सरळ रेषा एका जागी अचानक थांबलेली आम्हांला दिसली. पुढे चार हातांवर बर्फात एक खोल खळगा. कोल्हा बर्फाखालची सळसळ ऐकतो, उंच उडी घेतो आणि तोंडावर खाली येतो. इथे काय घडलं? खळग्याशी रक्ताचा ठिपका नव्हता. आपण दोघांच्याही बाजूनं थोडं थोडं हळहळावं, एवढंच करता येतं.

याच जंगलात कुठल्याशा पोकळ बुंध्यात किंवा कपारीत काळी अस्वलीण असेल. हिवाळ्याच्या मध्यावर, अर्धवट झोपेत, तिला पिल्लं होतात. शरद ऋतूत खाल्लेले अक्रोड आणि ओकची फळं चरबी होऊन आता दूध होत असतात. आम्ही तिच्या जवळून गेलो असू का? चाचा नुसते हसले.

मग कर्कश आवाज झाला आणि कैलच्या शेंड्यावर एक पक्षी दिसला. तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, चोच कट्यारीसारखी. काश्मीर नटक्रॅकर. कावळ्याच्या कुळातला. कैल म्हणजे निळसर पाइन. त्याच्या शंकूंतून हा बिया उपसतो, घशाशी साठवतो आणि हिवाळ्यासाठी इथे-तिथे पुरून ठेवतो. बर्फ पडल्यावर सगळ्या खुणा पुसल्या जातात, तरी त्याला बहुतेक जागा आठवतात. बहुतेक, सगळ्या नव्हेत. जे विसरलं जातं त्यातून कैलचं रोप उगवतं. मी त्या शेंड्याकडे बघत विचार करत होते, या उतारावरची किती झाडं एखाद्या पक्ष्याच्या विसराळूपणाची असतील? जंगलाला स्मरण लागतं तसं थोडं विस्मरणही लागत असावं.

बाहीवर एक हिमकण येऊन टेकला. सहा पाकळ्या, प्रत्येकीला पिसाची कड. जपानमध्ये उकिचिरो नाकाया यांनी 1936 मध्ये पहिल्यांदा प्रयोगशाळेत असा कण वाढवला, सशाच्या केसाच्या टोकावर. आणि दाखवून दिलं की किती थंडी, किती ओल, यावर त्याचा आकार ठरतो. साधारण उणे पंधराला असं नक्षीकाम होतं, उणे पाचच्या आसपास सुया होतात. पण प्रत्येक कणाच्या पोटात आधी काहीतरी लागतं. धूळ, परागकण, किंवा एखादा जिवाणू. प्सूडोमोनास सिरिंगी नावाचा जिवाणू पिकांच्या, झाडांच्या पानांवर राहतो. वारा त्याला उचलून ढगात नेतो, आणि त्याच्या भोवती पाणी लवकर, कमी थंडीतच गोठतं. म्हणजे कुठल्यातरी हिरव्या पानानं ढगात एक बीज पेरलेलं असतं, आणि त्याचं पीक असं पांढरं उगवतं.

वारा वर आणखीही काय काय नेतो. एम. एस. मणी या भारतीय कीटकशास्त्रज्ञानं वायव्य हिमालयातल्या मोहिमांनंतर 1962 मध्ये अतिउंचीवरच्या कीटकांवर ग्रंथ लिहिला. त्यात एक विलक्षण गोष्ट नोंदली आहे: तापलेल्या मैदानांवरून उठणारे वारे परागकण, बिया, मेलेले-जिवंत कीटक उचलून हिमरेषेच्या वर आणून टाकतात, आणि जिथे काहीच उगवत नाही तिथले इवलेसे जीव त्या उडून आलेल्या अन्नावर जगतात. रायपूरला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा आपण त्या लू-झळांना शिव्या देतो. त्या झळा एवढ्या दूर येत असतील असं मी म्हणणार नाही. पण मैदानांचा ताप आणि शिखरांचं गारठणं ही एकाच श्वासाची दोन टोकं आहेत, हे त्या उतारावर उभं राहून अंगाला जाणवतं. इकडून थंडी जाते, तिकडून अन्न येतं.

दुपार कलली तेव्हा झाडीतून बाबा रेशींच्या दर्ग्याचं उतरतं छप्पर आणि टोकदार कळस दिसला. बाबा पयामुद्दीन रेशी पंधराव्या शतकातले, आधी राजदरबारातली मोठी असामी. असं सांगतात, की एकदा त्यांनी मुंग्यांची रांग पाहिली. हिवाळ्याआधी एकेक दाणा वाहून बिळात नेणाऱ्या मुंग्या. त्यांच्या मनात आलं, यांनी आपल्या हिवाळ्याची सोय केली, मी काय केलं? आणि दरबार सुटला. दर्ग्यात एक मातीची चूल आहे. नवस फेडायला आलेल्या बायका ती सारवतात. काश्मीरच्या या रेशी परंपरेचे आद्य सत्पुरुष शेख नूरुद्दीन, लोकांचे नुंद रेशी. अन्न पुरायचं तर आधी वन राखायला हवं, हा त्यांचा विचार आजही खोऱ्यात माणसांच्या तोंडी आहे. मी ओल्या मातीचा वास घेत उभी राहिले. सारवणाचा वास सगळीकडे सारखाच असतो.

बाहेर बाकावर आम्ही बर्फपावलं सोडली. नून चाय आली, गुलाबी आणि खारट. चाचा 2024 च्या जानेवारीविषयी बोलू लागले. महिना संपत आला तरी गुलमर्गची कुरणं उघडी, तपकिरी. स्कीचं सामान भाड्यानं देणारे हात बांधून बसलेले. पुढच्या वर्षी फेब्रुवारीतले ‘खेलो इंडिया’चे हिवाळी सामनेही बर्फ कमी म्हणून मार्चमध्ये गेले. पाहुण्यांची त्यांना चिंता होतीच, पण ते बोलत होते खालच्या नाल्यांविषयी. अफरवटचं पाणी निंगली नाल्यानं सोपोरकडे उतरतं, फिरोजपूर नाल्यानं टंगमर्गकडे. तिथे त्यांचं भाताचं शेत आहे. थोरल्या चिल्लईनं काही ठेवलंच नाही, तर जूनमध्ये लावणी कशाच्या जिवावर करायची?

मी पिशवीतून नगरीच्या दुबराज तांदळाची पुडी काढून त्यांना दिली. नगरी धमतरी जिल्ह्यात, तिथून जवळच सिहाव्याच्या डोंगरात महानदी उगम पावते. चाचांनी दाणे तळहातावर घेऊन हुंगले आणि म्हणाले, हा तर आमच्या मुश्कबुदजीचा नातेवाईक. तोही असाच सुगंधी, छोट्या दाण्याचा. दोघांना 2023 मध्येच भौगोलिक मानांकन मिळालं, हे सांगितल्यावर ते खूश झाले. मी त्यांना डॉ. रिछारियांविषयी सांगितलं, गावोगाव हिंडून छत्तीसगडचे देशी धान गोळा करणारे. रायपूरच्या कृषी विद्यापीठात आज तेवीस हजारांहून अधिक वाणांचं बियाणं राखून ठेवलंय. ‘तेवीस हजार,’ ते पुटपुटले, आणि पुडीची घडी पुन्हा नीट घातली.

‘पण तुमच्याकडे बर्फ नाही. मग शेताला पाणी?’

‘पावसाचं. वर्षाला अकराशे-बाराशे मिलिमीटर.’

चाचांनी डोळे मिटून हिशेब केला. दसपट. बारा मीटर बर्फ. मग समोरच्या बुदुलवर नजर चढवत चढवत नेली आणि एका फांदीशी थांबले. ‘तिथपर्यंत!’ म्हणाले. ‘एवढा पडला तर बाबांचा कळस शोधावा लागेल.’ हसू ओसरल्यावर त्यांनी काळजीनं विचारलं, ‘आणि सगळा तीन-चार महिन्यांत येतो? मग उरलेल्या महिन्यांसाठी ठेवता कुठे?’

मी तरियांविषयी सांगू लागले. आमच्याकडे गावाचा मोठेपणा ‘छै आगर छै कोरी’ तरिया असण्यावर मोजत, सहा विसा आणि वर सहा, म्हणजे एकशे सव्वीस तलाव. रायपूरचा बूढा तालाब, तेलीबांधा, काठावरचे वड-पिंपळ, आणि कितीतरी तलाव बुजवून आम्ही वर काय काय बांधलं तेही. टंगमर्गला जाणारी सुमो आली तेव्हा मी सांगता सांगता नुकती कुठे रतनपूरच्या तलावांपर्यंत पोचले होते.